आवाज न करणारी होडी

मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत कांदळवनाचे मोठे वळण जवळ आले, की मी खोकतो. घसा साफ केल्यासारखे हलके नव्हे, तर पलीकडच्या काठावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि लगेच वल्ह्याचे पाते कयाकच्या कडेवर दोनदा टकटक वाजवतो. मागून येणाऱ्या पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते, कारण अर्ध्या तासापूर्वी किनाऱ्यावर मीच त्यांना बजावलेले असते, की खाडीत शिरल्यावर बोलायचे नाही, मोबाइलचा आवाज बंद ठेवायचा आणि वल्हे पाण्यावर आपटायचे नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या एका आजींनी शेवटी विचारलेच, "अहो, आम्हाला गप्प बसवलंत आणि तुम्ही स्वतःच आवाज करताय, हे कसं काय?" त्यांना मी पाण्यावर जे उत्तर दिले ते दोन वाक्यांचे होते. ते सविस्तर लिहावे, असे तेव्हापासून मनात आहे.

कयाक ही मुळात सहलीची होडी नव्हेच. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी आणि अलास्काच्या टोकाकडील अल्यूशियन बेटांवरच्या उनांगन लोकांनी ती शिकारीसाठी बनवली. पाण्याबरोबर वाहून आलेले लाकूड किंवा हाडे बांधून तयार केलेला सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे आणि मधोमध एका माणसापुरते भोक, एवढाच तिचा संसार. माणूस पाण्याला लागून बसतो, त्यामुळे लांबून त्याचा आकार नजरेत भरत नाही. वल्हे होडीच्या काठाला टेकवलेले नसते, दोन्ही हातांत अधांतरी धरलेले असते, त्यामुळे ते करकरत नाही. बर्फावर पहुडलेल्या सीलला पत्ता लागू न देता भाल्याच्या टप्प्यात पोहोचता यावे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली ही वस्तू आहे. आज तीच वस्तू प्लॅस्टिकची होऊन, पिवळ्या-नारिंगी रंगात, निसर्ग पाहण्याचे सर्वांत निरुपद्रवी साधन म्हणून आपल्याकडे आली आहे, आणि मीही पहिली दोन वर्षे पाहुण्यांना हेच सांगत होतो: इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणजे प्राण्यांना त्रास नाही. यातला शेवटचा "म्हणजे" चुकीचा आहे, हे मला खाडीने शिकवले, आणि त्याची थोडी पूर्वतयारी फार लांबच्या एका किनाऱ्यावर झाली होती.

मी मालवण तालुक्यातल्या देवबागचा. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून आमच्या भागातली अनेक मुले जहाजावर जातात, तसा मीही गेलो आणि प्रवासी जहाजांच्या भटारखान्यात सात वर्षे काढली. त्यांपैकी पाच उन्हाळे अलास्काचे होते. तिथला हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे आमच्याकडे होड्या शाकारून ठेवलेल्या असतात बहुतेक तेव्हाच. ग्लेशियर बे नावाच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे रेंजर सकाळी एका छोट्या बोटीने येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिवर्धकावरून माहिती देतात. त्यातले एक मला पाठ झाले होते: 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतले लोक तिथे पोहोचले, तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच, मुखापाशीच बर्फाची भिंत उभी होती, 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर ती भिंत 50 किलोमीटरहून अधिक मागे हटलेली होती, आणि 1916 च्या सुमारास ती मुखापासून सुमारे 100 किलोमीटरवर गेली होती. त्याही आधी, अठराव्या शतकात, हाच बर्फ पुढे सरकत आला तेव्हा तिथल्या ट्लिंगिट लोकांना आपली गावे सोडून जावे लागले होते. दर पावसाळ्यात एखादी माडांची रांग समुद्राच्या पोटात जाताना पाहिलेल्या देवबागच्या माणसाला हे ऐकताना परके वाटत नाही.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबे. आम्हा कामगारांना पाच-दहा मिनिटे वर जायला मिळत. हिमनदीच्या तोंडाचा एखादा कडा तुटून पाण्यात पडताना आधी दिसतो, आणि गडगडाट दोन-तीन सेकंदांनी पोहोचतो, कारण आपल्याला जवळ वाटणारी ती भिंत प्रत्यक्षात पुष्कळ लांब असते. एकदा अशाच वेळी मला खाली, तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांच्या पलीकडे, चार रंगीत ठिपके दिसले. त्या कयाक होत्या. सर्वांत पुढच्या ठिपक्याने वल्हे आडवे वर धरले आणि बाकीचे तीन जागच्या जागी थांबले. पुढे एका तुकड्यावर सील पहुडलेले होते. ते ठिपके बराच वेळ हलले नाहीत आणि मग सरळ मागे फिरले. मला तेव्हा हसू आले होते. इतक्या लांब येऊन, इतक्या थंडीत, आणि जवळ न जाताच परत!

नंतर अलास्काची राजधानी जूनो, तिथल्या बंदरात एकदा सबंध दिवस सुटी मिळाली तेव्हा मी मेंडेनहॉल हिमनदीच्या तलावावर एका मार्गदर्शिकेबरोबर कयाकमध्ये बसलो. आम्ही सहा जण होतो. पाण्यात बोटे घातली तर मिनिटभरात हाडे दुखू लागत. तिने पहिल्या अर्ध्या तासात आम्हाला जे जे करू दिले नाही, त्याची यादी फार मोठी होती. तरंगत्या हिमखंडाला हात लावायचा नाही, कारण त्याचा मोठा भाग पाण्याखाली असतो आणि तो कोणत्याही क्षणी कूस बदलतो. भिंतीच्या जवळ जायचे नाही, कारण कडा पडला तर लाट येते. अमुक खडकाळ काठापाशी उतरायचे नाही, कारण तिथे उघड्यावरच आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी असतात. आणि जिथे उतरायचे होते तिथे किनारा जवळ येताच ही शांत बाई एकदम मोठ्याने, गाईला हाकारावे तशी, "हे बेअर!" म्हणून ओरडली. झाडीत अस्वल असेलच असे नव्हते. पण असेल तर त्याला आपण येत असल्याचे आधी कळावे, अचानक समोर येऊ नये, ही तिकडची रीत आहे. ज्याला आपली चाहूल लागते ते अस्वल सहसा निघून जाते, दचकलेल्या अस्वलाचे मात्र सांगता येत नाही. सीलबाबतही तिने सांगितले, की अलास्काच्या समुद्रात सस्तन प्राण्यांपासून 100 यार्डांचे अंतर राखायचे असते, आणि ग्लेशियर बेमधल्या जॉन्स हॉपकिन्स खाडीचा आतला भाग तर पिल्ले जन्मण्याच्या दिवसांत कयाकनाही बंद असतो. मला आठवले ते चार ठिपके. आईला आपली चाहूल उशिरा लागली तर ती घाबरून पाण्यात उडी घेते आणि पिल्लू बर्फावर एकटे राहते, हे त्या दिवशी कळले. तरीही ते मी तिकडचा नियम म्हणून ऐकले आणि तिकडेच ठेवून आलो.

परत आल्यावर साठवलेल्या पैशांतून चार दोन-आसनी कयाक घेतल्या. आपल्याकडे चालतात त्या सिट-ऑन-टॉप प्रकारच्या, म्हणजे वर बसायच्या. उलटल्या तरी त्यांत पाणी भरत नाही आणि माणूस आत अडकत नाही. कोकणच्या कोमट पाण्याला त्या योग्य आहेत. किनाऱ्यावर पाणस्कूटर आणि पॅरासेलिंगची गर्दी होतीच, त्यात मला पडायचे नव्हते. मी खाडी धरली. कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी देवबागच्या मागून रुंद होत येते, मधे कांदळाची बेटे आहेत, एका बाजूला मालवण तालुका आणि दुसऱ्या बाजूला वेंगुर्ले. दुसऱ्या हंगामातल्या डिसेंबरमध्ये एका सकाळी मी मुंबईच्या दोन कुटुंबांना घेऊन वर चाललो होतो. धुके होते, पाणी स्थिर होते, आणि मंडळी माझ्या अपेक्षेपेक्षा शहाणी होती. कोणी अवाक्षर काढले नाही. बेटाचे टोक ओलांडून आम्ही नुसते घरंगळत वळलो आणि समोर चार-पाच हातांवर, ओल्या वाळूच्या पुळणीवर, पाणमांजरांचे कुटुंब होते. दोन मोठी आणि तीन पिल्ले, एकमेकांच्या अंगावर लोळत होती.

तो देखावा एका श्वासाएवढाच टिकला. मोठ्या मादीने मान वळवली, तिच्या मिशांवरचे पाण्याचे थेंबही मला दिसले, आणि पुढच्या क्षणी पुळणीवर नुसता गोंधळ माजला. एक मोठे पाणमांजर कांदळाच्या मुळांत घुसले, दुसरे पाण्यात गेले, दोन पिल्ले त्याच्या मागे गेली, आणि तिसरे उलट बाजूला पळून ओहोटीच्या धारेत पडले. ते शिट्टीसारखे ओरडत खाली वाहत जाऊ लागले. मादी त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा वर येई, आमच्या चार पिवळ्या होड्या मधे आडव्या असल्याचे पाहून पुन्हा बुडे. मी सगळ्यांना काठाला घेईपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली असतील. पुढे पिल्लाचा आवाज थांबला. ते आईला सापडले की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. पाहुणे मात्र बेहद्द खूश होते. असे जवळून दर्शन त्यांना कोणत्याही अभयारण्यात झाले नव्हते आणि तसे त्यांनी इंटरनेटवर पाच चांदण्या देऊन लिहिलेही. त्या पुळणीवर पाणमांजरांची विष्ठा नेहमी दिसे, माशांचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचांचे तुकडे असलेली. मार्चपर्यंत ती पुन्हा दिसली नाही.

हे मी शेजारच्या आबांना सांगितले. आबांचे सारे आयुष्य त्या खाडीत पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकण्यात गेले आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "मेल्या, वळणार खोकाक नको?" मग समजले, की जुने पागी वळणाआधी खोकतात किंवा बांबू होडीवर आपटतात. त्यामागे मूळ हेतू समोरून येणाऱ्या होडीला इशारा देण्याचा असेल. पण त्यामुळे खाडीतल्या साऱ्या जिवांना तो आवाज ओळखीचा झाला आहे, हे आबा स्वच्छ सांगतात. इंजिनाची होडी लांबून ऐकू येते. प्राणी आधी मान वर करतात, अंदाज घेतात, आणि होडी नेहमीच्या वाटेने जात आहे असे पाहून बहुधा आपले काम पुढे चालू ठेवतात. आम्ही मात्र भाल्याच्या टप्प्यात येईपर्यंत कोणाच्या कानावर पडत नाही, आणि त्या अंतरावर प्रकट होणारा जीव शिकारीच असतो, असे त्यांना त्यांच्या हजारो वर्षांच्या अनुभवाने शिकवलेले आहे. जूनोच्या त्या बाईचे ओरडणे आणि आबांचा खोकला यांची गाठ माझ्या डोक्यात त्या संध्याकाळी पडली.

खोकण्याचा तोटा उघड आहे. खोकल्याशिवाय जे चार हातांवर दिसले असते, ते आता चाळीस हातांवर दिसते किंवा दिसतच नाही. एका सहल कंपनीचा माणूस मागे माझ्याकडे पाहुणे पाठवत असे. त्याने आपल्या जाहिरातीत "डॉल्फिन, गरुड, पाणमांजर, हमखास" असे छापले आणि ते दिसले नाहीत त्या दिवसाचे पैसे मला परत करायला लावले. वर, "जरा जवळ नेत जा," असा सल्लाही दिला. त्याच्याशी व्यवहार संपला. आता पैसे घेण्यापूर्वी मी स्वतःच सांगतो, की दिसण्याची हमी फक्त कांदळाची आहे, कारण ते पळू शकत नाही.

बाकी माझ्या कामाचा मोठा भाग प्राण्यांशी नव्हे, पंचांगाशी असतो. आमच्याकडची जुनी रीत अशी, की तिथीला पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईच्या बाजूला अधिक जुळतो. आमच्याकडे भरती त्याहून थोडी आधी लागते आणि मग खाडीत आत शिरत जाईल तशी तिला वेळ लागत जातो. भरती-ओहोटीतला फरक मुंबईत उधाणाला चार मीटरांच्या वर जातो, आमच्याकडे तो साधारण त्याच्या निम्मा. तरी देवबागच्या संगमावर ओहोटीची धार अशी ओढते, की धडधाकट माणूस वल्हे मारत जागच्या जागी राहतो. म्हणून माझी आवडती तिथी द्वादशी. पहाटे साडेसहाला निघावे, चढत्या पाण्याबरोबर आरामात वर जावे, पाणी ठरले की घटकाभर थांबावे आणि ओहोटीबरोबर खाली यावे. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, तेव्हा पाणी तेलासारखे असते. अकराच्या सुमारास खारे वारे सुरू झाले की तीच खाडी खडबडीत होते आणि वाऱ्याच्या तोंडावर वल्हवणाऱ्या नवशिक्या माणसाचे खांदे अर्ध्या तासात गळतात. अलास्कात माणूस थंड पाण्याने मरतो, इकडे ऊन, वारा आणि ओढ यांनी. जीवरक्षक जाकीट घातल्यावर फोटो चांगला येत नाही, ही तक्रार दोन्हीकडे सारखीच.

पाणी ठरलेले असते ती घटका मला सगळ्यांत प्रिय आहे. त्या वेळी आम्ही कांदळाच्या कमानदार मुळांना धरून चारही होड्या एकत्र बांधतो. काठाच्या बाजूला चिप्पी असते. तिचीच बहीण पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिवराचे पान मी एकेकाला देतो आणि जिभेला लावायला सांगतो: ते खारट लागते, कारण मुळांतून आलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते आणि सकाळी त्याचे बारीक स्फटिक पानावर दिसतात. हुऱ्याचे पान मात्र तोडू देत नाही, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती असते. चिखल अजून उघडा असेल तर निवट्या पाहाव्यात. निवटी हा मासा असूनही पाण्याबाहेर बसतो, पुढच्या परांवर कोपरे टेकल्यासारखा सरकतो आणि डोक्यावर बसवलेले त्याचे डोळे एकेक करून आत ओढून ओले करून घेतो. त्याच्यावर कयाकची सावली पडली तर तो बिळात जातो. सावली हटल्यावर तो पुन्हा डोके वर काढेपर्यंत कोणी हलायचे नाही, असा मी मुलांशी खेळ लावतो. आजवरचा विक्रम एका सात वर्षांच्या मुलीचा आहे. मोठ्यांपैकी कोणालाही ते जमलेले नाही.

मग मी सगळ्यांना वाकून कान कयाकच्या तळाला लावायला सांगतो. पहिल्यांदा लोकांना वाटते, की होडी कुठेतरी तडकते आहे. आतून अखंड तडतड ऐकू येते, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. ती चिखलात आणि कालवांच्या खडकांत राहणाऱ्या चुटकी-कोळंबीची असते. बोटाच्या पेराएवढा हा जीव, पण त्याची एक नांगी बेढब मोठी असते. ती तो इतक्या वेगाने मिटतो, की पाण्याची धार सुटते, तिच्यामागे क्षणभर एक पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना आवाज होतो. आवाज नांगीचा नाही, बुडबुड्याचा. मेंडेनहॉलच्या तलावावर त्या बाईनेही आम्हाला असेच थांबवून ऐकायला लावले होते. तिथे वितळणाऱ्या हिमखंडातून हीच तडतड येत होती. हिमनदीत बर्फावर बर्फ चढत गेला तशी त्यात दाबली गेलेली शेकडो वर्षांची हवा, तो तुकडा विरघळताना एकेक बुडबुडा होऊन फुटत होती. मी तेव्हा डोळे मिटले आणि मला देवबागची खाडी ऐकू आली. आता देवबागेत डोळे मिटतो तर तो निळा बर्फ दिसतो. पाहुण्यांना मी एवढे सांगत नाही, बुडबुड्यांचे सांगतो.

आमच्या खाडीत हिमनदीच्या देशातून आलेले काही असेल तर ते पक्षी. थंडीत संगमावरच्या वाळूच्या दांड्यावर कुरवांचे थवे बसतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटच्या उंच तलावांकाठी वीण करतात. इकडे येतात तेव्हा मात्र त्यांचे डोके पांढरे झालेले असते, कानामागे नुसता तपकिरी डाग. या दांड्याला मी लांबून वळसा घालतो. इतक्या लांबून उडून आलेल्या पक्ष्याला आपल्या फोटोसाठी पुन्हा उडवणे मला बरे वाटत नाही, आणि दर तासाला कोणीतरी उडवतेच.

डॉल्फिनसाठी संगमाबाहेर जाण्याचा आग्रह सर्वांचाच असतो. मतलई टिकून असेल आणि मुखावरच्या दांड्यावर लाट फुटत नसेल, तरच मी बाहेर काढतो, आणि असे दिवस मोजकेच असतात. आमच्या किनाऱ्यालगत दिसणारे डॉल्फिन पाठीवर लांबट उंचवटा असलेले, राखी रंगाचे. ते उथळ पाण्यात, नदीच्या तोंडांजवळ मासे धरतात, म्हणजे नेमके जिथे आपल्या बोटी धावतात तिथेच. यांत्रिक बोटी त्यांच्या मागे पळतात. आम्हाला पळता येत नाही, ही आमची जमेची बाजू. वल्हे मांडीवर आडवे ठेवून बसायचे. कधी ते शंभर हातांवरून जातात, कधी अगदी जवळ फुस्स असा श्वास सोडून सगळ्यांना दचकवतात, आणि पुष्कळदा काहीच होत नाही. जवळ यायचे की नाही ते ते ठरवतात. एखादा पाहुणा देवमाशाबद्दल विचारतो, तेव्हा मला अलास्कातले हंपबॅक आठवतात. ते हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात जातात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र आपला समुद्र सोडून कुठेच जात नाहीत आणि त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. 2017 मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रहावरून माग काढणारी खूण लावलेली लुबान नावाची त्यांतली एक मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तिथून केरळपर्यंत गेली. मी तेव्हा जहाजावर होतो.

तर त्या आजी. त्यांना मी सांगितले होते, "आपण त्यांना दिसलो नाही तर ते घाबरतात. आधी कळलं तर आपल्याला पाहून घेतात." वळणावर मी खोकलो, दोनदा टकटक केली, आणि दहापर्यंत आकडे मोजून मग होडी वळवली. पलीकडे, जुन्या पुळणीच्या थोडे वर, पाणमांजरे होती. तीन. एक मागच्या पायांवर उभे राहून आमच्याकडेच पाहत होते. त्याने मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे केली, नाकातून फुसकारले आणि खाली बसून अर्धवट राहिलेला मासा दोन्ही पंजांत धरून खायला लागले. अंतर चाळीस हातांपेक्षा जास्तच होते, पण काटे मोडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. आम्ही कांदळाचे मूळ धरून थांबलो. ओहोटी लागून होडी ओढू लागली तरी ती तिघे जागची हलली नव्हती, तेव्हा आम्हीच आधी निघालो.

पुढच्या वळणावर माझ्या आधी आजी खोकल्या. वळणापलीकडे प्राणी कोणीच नव्हता. गुडघाभर पाण्यात उभा राहून एक पागी जाळे झटकत होता. त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि उत्तरादाखल तोही खोकला.